रक्तातली वकिली

लंडनमध्ये वाढून तिथंच वकील झालेला फुरकान, ऑफिसात फोटो लावण्याजोगा एखादा पूर्वज शोधत अचलपूरला आला. दादीच्या निकाहनाम्यात त्याला घबाडच सापडलं. 'वकील: अब्दुल गफ्फार.' दादीचे सख्खे मामू!

"दादी, वकिली आपल्या रक्तातच आहे!"

खुर्शीदबीला हसू आवरेना. "अरे येड्या, तो निकाहातला वकील. आत येऊन नवरीची मर्जी विचारते, अन् बाहेर जाऊन काझीले सांगते. मामू तं बैलबाजारात दलाल होता."

फुरकानचं तोंड उतरलं. "म्हणजे वकिली केलीच नाही त्यांनी?"

"केली ना! लाव तू फोटो. म्या आत साफ 'नाही' म्हनलं होतं. मामू बाहेर जाऊन बोलला, 'पोरीले कबूल हाय.'"