थंड झारी

वाल्बुर्गाने कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि झारी उचलली.

"डोळे मीट," ती नवऱ्याला म्हणाली. "बघून सांगितलेलं चालायचं नाही."

सेवेरिनने डोळे मिटले. लाकडाच्या गिरणीत पाठीवर ओंडका घसरला त्याला सहा आठवडे झाले होते. कमरेखाली सगळं मुकं. उद्या डॉक्टर यायचे होते. तोवर पायांना काही जाणवलं नाही तर पुढेही जाणवायचं नाही, असं ते बजावून गेले होते.

गावच्या स्नानगृहात उपचाराला येणाऱ्यांच्या पायांवर थंड पाण्याची धार धरण्यात वाल्बुर्गाची एकतीस वर्षं गेली. कुणाचा संधिवात, कुणाची उडालेली झोप. सेवेरिनने तिथे कधी पाऊल टाकलं नाही. "माणसं काय कोबी आहेत, रोज झारीनं शिंपायला?" असं म्हणायचा. आणि संध्याकाळी तिचे भिजलेले मोजे चुलीपाशी वाळत घालायचा.

तिने सगळ्यांची करायची तशीच सुरुवात केली. उजव्या पायाची करंगळी, कारण ती हृदयापासून सगळ्यांत लांब. मग बाहेरच्या बाजूने पोटरी, गुडघा. धार पातळ, आवाज न करणारी.

"काही?"

पायांखालच्या टबात पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्याने एकदम खांदे आक्रसले.

"आई गं! बर्फ ओततेस की काय? जरा दमानं, बाई!"

तिचा हात थांबला नाही. थंड पाण्याची झारी अजून दारापाशीच होती. गार पडलेल्या अंगाला आधी ऊब द्यायची, मगच थंड पाणी. तो एकदा जरी स्नानगृहात आला असता, तर त्याला हे ठाऊक असतं.

"लागतंय ना?"

"लागतंय म्हणजे! हाडापर्यंत जातंय."

"मग छान."

त्याने डोळे उघडले. टबातून वाफ वर येत होती. दोघांनीही ती पाहिली.

"कडाक्याच्या थंडीत ओढ्यावरही वाफ असते," तो हळूच म्हणाला.

"असते," ती म्हणाली, आणि धार डाव्या करंगळीवर नेली.