बुजवलेला खड्डा

थोरली नात मंजुश्री हिचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २०२३ ला, धाकटी नात दीपमाला फौजेच्या प्रशिक्षणासाठी कॉम्प्युटरवर खेळ बनवत होती. रस्त्यात पुरलेला सुरुंग जवानाने त्यात ओळखायचा. दुसऱ्या दिवशी तो फौजेच्या साहेबांना दाखवायचा होता. धाड गावातल्या आमच्या घरी तिने आधी मला दाखवला.

"बुजवलेला खड्डा रस्त्यासारखा पांढरा राह्यते का, पोरी? खालची माती वर येते. ते काळी दिसते."

"आबा, इतकं बारीक कोण पाह्यते?"

"ज्याले तिथं पाय टाकायचा हाय, तो. पुन्हा कर."

ती पुन्हा बसली. मी शेजारी बसून मातीचा रंग सांगत राहिलो.

माझा मुलगा प्रसेनजित, म्हणजे तिचा बाप, ११ मार्च २०१० रोजी रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर पाय पडून वारला.