डाव्या बुटाची शिवण

"पुन्हा हाच?" म्हाताऱ्याने डावा बूट उलटासुलटा करून पाहिला.

"हाच, काका." उजव्या बुटाची पिशवी मांडीवर घेऊन ती बाकावर टेकली.

शेजारी पोस्टमन अनवाणी पायाने आपल्या बुटांची वाट बघत होता. तो हसला. "कमाल आहे! माणूस मोडेल, पण या काकांची शिवण उसवायची नाही. तुमचे यजमान काय दगड तुडवतात?"

तीही हसली. सांगणार काय? बूट याच म्हाताऱ्याने आपल्या लेकासाठी शिवलेले, आणि ती त्याच लेकाची बायको. लेक यंत्रावर बूट करणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागला, तेव्हा बाप गरजला होता, "जा, आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस!" लेकही बापासारखाच हट्टी. त्याने तोंड दाखवलं नाही, लग्नाला बोलावलं नाही. पण बापाच्या हातचा तो जोड काही पायातून उतरवला नाही. झिजून झिजून डाव्याची शिवण एकदा सुटली, ती पुढे सारखी उसवायची. मग ती नवऱ्याला काहीबाही थाप मारून बूट घेऊन इथे यायची. निदान एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचतंय, एवढंच तिचं समाधान.

पोस्टमन बूट घालून गेला. तिने घसा साफ केला.

"काका, आता मी यायची नाही. ह्यांना परदेशी नोकरी लागली. उद्या सकाळी निघतोय आम्ही."

म्हाताऱ्याच्या हातातली आरी थांबली. म्हातारा दोऱ्याला मेण लावू लागला, आणि लावतच राहिला.

"मला एक मुलगा आहे," तो दोऱ्याकडे बघत म्हणाला. "रागाच्या भरात त्याला बोलू नये ते बोललो. बरं, बोललो तर बोललो. पायऱ्या उतरत होता, तेव्हा हाक तरी मारायला हवी होती. तोंड उघडलंही होतं मी. मारली असती, तर थांबला असता."

"थांबलेच असते," तिच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली. "म्हणजे, थांबला असता."

"त्यालाही एकदा वळून बघता आलं असतं की!"

"बघितलं असेल, काका. तोवर तुम्ही आत गेला असाल."

म्हाताऱ्याने दोरा ताणून पाहिला. असेल आणि असता, या दोन शब्दांवर माणूस किती वर्षं काढतो, देवच जाणे! विषय बदलायला तिने थट्टा केली.

"या खेपेला तरी पक्की शिवा हं. गावभर तुमचं नाव, आणि आमचाच बूट तेवढा उसवतो."

"पक्की शिवली असती, सूनबाई," म्हातारा हळूच म्हणाला, "तर तू परत आली असतीस का?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"माझ्या हातचा बूट मी ओळखणार नाही होय? जन्मात कच्चा टाका घातला नाही, तो या एका बुटाला घालत आलो." त्याने पदराआड लपावं तसं चष्म्याआड डोळे लपवले. "आज मात्र पक्की शिवण घालतो. लांबचा प्रवास आहे त्याचा."

त्याने आरी उचलली. तिने त्याचा हात धरला.

"घालू नका, बाबा."

डावा बूट तिने त्याच्या मांडीवरच राहू दिला आणि पिशवी खांद्याला अडकवून उठली.

"बाकीचं सामान कालच पुढे गेलंय. त्यांच्या पायात घालायला घरी दुसरं काही नाही. बूट कुठे आहे ते मी सांगेन, आणायला मात्र त्यांनाच पाठवेन."

"आणि नाही आला तर?"

"मग एका बुटावर समुद्र कसा ओलांडतात," ती डोळे पुसत म्हणाली, "ते मलाही बघायचंय."