दोन भावांचे औषध

धाकट्याने ब्रश टेकवला आणि फळीवर एक सलग रेघ उमटली. ती कोठेही थरथरली नव्हती.

"वहिनी, लवकर या! ही रेघ बघा!"

वहिनी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "अगंबाई! पेंटरसाहेबांची गाडी रुळावर आली म्हणायची. मागच्या खेपेस त्या न्हाव्याची पाटी वाचताना लोकांच्या माना वाकड्या होत होत्या."

"मान वाकडी असली की दाढी करायला सोपं जातं, वहिनी. त्याचा धंदाच वाढवला मी."

तिघेही हसले. थोरल्याने हसताना आपले हात मांडीखाली दाबून धरले होते.

थोरला शिंपी होता आणि धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. दोघांनाही वडिलांकडून एकच व्याधी वारशाने लाभली होती. जनुकातील कुठल्याशा दोषामुळे हातांतील बळ हळूहळू ओसरत जाई. वडिलांना तर अखेरीस स्वतःचा घासही उचलवत नसे. या व्याधीवरील नव्या औषधाची चाचणी रुग्णालयात सुरू झाली, तेव्हा दोघा भावांनी मोठ्या आशेने नावे दिली. निम्म्या रुग्णांना खरे औषध मिळणार होते आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, नुसते पीठ भरलेल्या कॅप्सूल. कुणाच्या वाट्याला काय आले आहे, हे चाचणी संपेपर्यंत खुद्द डॉक्टरीणबाईंनाही कळणार नव्हते.

ती रेघ पाहिल्यापासून थोरल्याला मात्र ते कळून चुकले होते.

त्या दिवशी त्याला सुईत दोरा ओवता आला नाही. बायकोने तो मुकाट्याने ओवून दिला आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "भावजींचं नशीब उघडलं. तुमचं काय हो?"

"बघू."

"काय बघू? एका शर्टाची काजं करायला आठवडा लागतोय. गिऱ्हाईक किती दिवस थांबेल?"

वडिलांच्या हनुवटीवरून ओघळणारे पाणी थोरल्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा आंघोळीला गेला. भिंतीतल्या फळीवर दोघांच्या औषधाच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. थोरल्याने दोन्ही रिकाम्या केल्या आणि आपल्या कॅप्सूल धाकट्याच्या बाटलीत, धाकट्याच्या आपल्या बाटलीत भरल्या. हातांच्या कंपामुळे काही कॅप्सूल जमिनीवर घरंगळल्या. त्या तो गुडघ्यांवर बसून हुडकू लागला.

"दादा, खाली काय शोधतोस?" धाकटा डोके पुसत दारात उभा होता.

"सुई पडली."

"सापडली का?"

"सापडली."

धाकट्याने एकदा फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिले आणि मग तो आतल्या खोलीत निघून गेला.

पुढे जे घडले ते थोरल्याच्या अपेक्षेप्रमाणेच घडले. त्याच्या बोटांत बळ परतले. सुई पुन्हा त्याचे ऐकू लागली, गिऱ्हाइके परतली आणि बायको शेजारणींना त्याने घातलेली टीप कौतुकाने दाखवू लागली. धाकट्याच्या रेघा मात्र वाकड्या होत गेल्या. मग त्याच्या हातून ब्रश गळू लागला आणि शेवटी रंगाचे डबे पलंगाखाली गेले.

एकदा केलेले पाप एकदाच करून भागत नव्हते. रुग्णालयातून नव्या बाटल्या मिळाल्या की थोरल्याला तो उद्योग पुन्हा करावा लागे. परतताना धाकटा आपली पिशवीही त्याच्याच हाती देई.

"तूच ठेव, दादा. तुझे हात आता बरे आहेत."

अनेकदा थोरल्याने निश्चय केला की या खेपेस ज्याचे त्याला द्यायचे. तो फळीपाशी जाई, बाटली उचले आणि वडिलांची हनुवटी आठवून मागे फिरे. डॉक्टरीणबाईंना सांगावे, तर नियमभंगापायी दोघांचीही नावे काढून टाकतील. बायकोला सांगावे, तर ती पुन्हा भावजींच्या नजरेला नजर कशी देईल? ज्या घरात त्याचा जन्म झाला, त्या घरात त्याला वावरायला जागा उरली नाही. प्रत्येक खोलीत धाकट्याचे हात होते.

आता थोरला धाकट्याच्या सदऱ्याची बटणे लावून देई आणि जेवताना घासही भरवी.

"मोठा झाला का रे घास?"

"झाला थोडा. पण चालेल. तू भरवतोस ना."

अखेर चाचणी संपली आणि दोघांनाही बोलावणे आले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"औषध गुणकारी ठरलंय! आजपासून ते चाचणीतल्या सगळ्यांना मिळणार, तुम्हा दोघांनाही. आता सुधारणा होईल, धीर सोडू नका."

थोरल्याच्या छातीवरचा दगड हलला. धाकट्याचे हात परत येतील! घडले ते कधीही कुणाला न कळता पुसले जाईल! त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई," धाकट्याने शांतपणे विचारले, "इतके दिवस खरं औषध आमच्यापैकी कुणाला होतं?"

थोरल्याचा हात खांद्यावरच गोठला.

"तुम्हा दोघांनाही नव्हतं," बाई म्हणाल्या. "दोघांच्याही बाटल्यांत पहिल्यापासून पीठच होतं. एका घरातल्या रुग्णांना कायम एकसारखंच देतात, तसा नियमच आहे. नाहीतर माणसं मायेपोटी आपलं औषध एकमेकांना देऊन टाकतात हो!"

धाकट्याने मांडीवर पडलेल्या आपल्या निर्जीव हातांकडे पाहिले आणि मग थोरल्याकडे.

"मग दादा, त्या दुपारी तू माझ्या बाटलीतून काय नेलंस?"