आजोबांचे बटाटे

त्सुग या स्विस शहरातल्या आमच्या घरामागे आजोबा बटाटे लावायला बाग खणत होते. मी पायरीवर रडवेली होऊन बसले होते. माझ्या बिटकॉइनचा पासवर्ड हरवला होता, म्हणजे पाच वर्षांची बचत कायमची कुलपात गेली होती.

"जो चावून बघता येत नाही, तो पैसाच नव्हे," आजोबांनी टोमणा मारलाच. "सोन्याला पासवर्ड लागतो का गं, उर्सिना? उद्या फ्रँक बुडेल, बँक बुडेल, सोनं आपलं असेल तिथेच राहील."

"अगदी खरं," कॉफी घेऊन आलेली आजी म्हणाली. "लग्नात मिळालेली वीस सोन्याची नाणी ह्यांनी चोरांच्या भीतीनं याच बागेत पुरली. ती आहेत तिथेच आहेत. फक्त कुठे, ते ह्यांना आठवत नाही. उगाच नाही आपण चाळीस वर्षं बटाटे खात!"

आजोबांचे कान लाल झाले. त्यांनी दुसरी कुदळ आणून माझ्या हातात दिली.

"नाणी सापडली तर निम्मी तुझी," ते आजीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले. "पण तुझा तो पासवर्ड सापडला, तर निम्मं माझं हं!"