झेंड्याविना एक सकाळ

निवृत्त मुख्याध्यापक आपल्या पक्षाच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया तपासत. आधी नावापुढचा पक्षाचा झेंडा बघायचा, मग मजकूर, ही त्यांची पद्धत. त्या सकाळी काहीतरी बिघडलं आणि सगळे झेंडे गायब झाले. नाइलाजाने त्यांनी नुसता मजकूर वाचला. आईबहिणीवर गेलेल्या अकरा प्रतिक्रिया उडवल्या. एक तेवढी नम्र, मुद्देसूद होती, ती ठेवली.

"अकरा शिवराळ उडवले. पण हा नक्की आपला. वळण दिसतं गं," ते बायकोला म्हणाले.

दुपारी झेंडे परतले. अकराही शिवराळ आपले निघाले आणि तो एकटा विरोधकांचा. मुख्याध्यापकांचे कान तापले.

"कोण होते हो ते तोंडाळ?" बायकोने विचारलं.

"विरोधक. दुसरं कोण असणार?"

 

मग मान वर न करता त्यांनी अकराही प्रतिक्रिया परत चढवल्या आणि ती नम्र तेवढी उडवली.