दोन थेंब
नळीवरच्या काळ्या रेषेपर्यंत थुंकी भरायची, एवढंच काम होतं. “पाळीत एवढं दुखतं ते एंडोमेट्रिओसिस या आजारामुळे का, ते यावरून कळेल. पोटात दुर्बीण घालायला नको,” नर्स म्हणाली. भीतीने तोंडाला कोरड पडली होती. “लिंबू आठवा.” लिंबू आठवायला गेले, तर आठवल्या ऑफिसच्या बाथरूममध्ये गुडघे पोटाशी घेऊन काढलेल्या दुपारी. साहेब म्हणायचे, दर महिन्याचं नाटक. सोनोग्राफीत काही निघालं नाही, तेव्हापासून नवराही तेच म्हणायला लागला. आई म्हणायची, सगळ्याच बायका सोसतात, तुझंच काय जगावेगळं. आज मात्र तीच सोबत आली होती. थेंबाथेंबाने थुंकी रेषेजवळ आली. दोनच थेंब बाकी. तेवढ्यात आईने पाठीवरून हात फिरवला. “घाबरू नकोस गं. माझं मन सांगतंय, याही वेळी काही निघणार नाही.” नळी ओठांशी धरून बसून राहिले. ते दोन थेंब काही येईनात.